दिगंबराच्या अंबरातली म्हातारी दीर्घिका

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाची आणि अवधूताची गाठ पडते. राजा विचारतो, महाराज, आपल्याजवळ ना घर, ना धन, ना कुठला उद्योग. तरी आपण इतके आनंदात कसे? तेव्हा अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतात. पहिली पृथ्वी, दुसरा वायू, तिसरं आकाश. नाथमहाराजांनी याच स्कंधावर आपली टीका लिहिली आणि १५७३ साली काशीक्षेत्री ती पूर्ण केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त, म्हणून दत्तसंप्रदायात या चोवीस गुरूंचा मान मोठा.

आता तिसऱ्या गुरूकडे जरा नीट पाहू. आपण महाराजांना दिगंबर म्हणतो. दिक् म्हणजे दिशा आणि अंबर म्हणजे वस्त्र. दाही दिशा ज्याचं वस्त्र तो दिगंबर. म्हणजे रात्री अंगणात उभं राहून आपण वर जे पाहतो ते महाराजांचं वस्त्रच म्हणायचं. त्या वस्त्राच्या दक्षिणेकडच्या काठावर एक अगदी फिकट टिपका आहे. आज त्या एका टिपक्याचं निरूपण करायचं योजलं आहे, आणि त्याला कारण आहे.

प्रवचनाला मी अमरावतीत जावो की अकोल्यात, दर्यापूरला जावो की मूर्तिजापूरला, आरती झाली की साठी-सत्तरीतले दोन-चार जण थांबतात. बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं. "महाराज, पोट्टे पुण्याले गेले, वावर मक्त्यानं देल्लं, आता आपन कायच्या कामाचे?" शब्द वेगळे असतात, कुणी हसून विचारतं, कुणाचा आवाज भरून येतो, पण प्रश्न हाच. नोकरीतून उतरलेले मास्तर हाच विचारतात आणि सुनेच्या हाती चुलीचा कारभार दिलेली माउलीही हाच विचारते. या प्रश्नाचं उत्तर मला त्या टिपक्यात सापडतं.

त्या टिपक्याचं नाव शास्त्रज्ञांच्या वहीत एनजीसी १३१६ असं आहे. तो एक तारा दिसत असला तरी तारा नव्हे. ती दीर्घिका आहे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक स्वतंत्र गाव. आपली आकाशगंगा हेही असंच एक गाव. १८२६ साली जेम्स डनलॉप नावाच्या निरीक्षकानं ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटा इथून दुर्बिणीतून तिला प्रथम पाहिलं. ज्या तारकासमूहात ती आहे त्याचं नाव फॉर्नॅक्स, म्हणजे लॅटिन भाषेत भट्टी.

अंतर किती? प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. एका वर्षात तो साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो, ते एक प्रकाशवर्ष. या दीर्घिकेपासून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला सहा कोटींहून थोडी अधिक वर्षं लागतात. हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून आपल्या वावरात चला. वऱ्हाडातली ही काळी कपाशीची माती ज्या खडकापासून झाली, तो काळा पाषाण लाव्हारस थिजून झाला, आणि तो लाव्हा वाहिला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्या मातीचा खडक आणि आज आपल्या अंगणात उतरणारा तो प्रकाश, दोघं जवळजवळ एका वयाचे. इथं खडक झिजून माती होत राहिली, त्यात कापूस आणि तूर पिकली, आपले आजे-पणजे राबून गेले. तिकडं तो प्रकाश वाटेवर चालतच होता.

दीर्घिका अनेक आकाराच्या असतात. काही सर्पिल, म्हणजे मधून फाटे फुटून गोल फिरलेल्या. आपली आकाशगंगा तशी. त्यांच्या फाट्यांत वायू आणि धूळ भरपूर, त्यातून नवे निळसर तारे जन्मतात. भरल्या घरासारखं, सदा पाळणा हलता. दुसऱ्या लंबगोल, त्यांत नवं फारसं काही जन्मत नाही. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जात आहे, तिला भिंगाकार म्हणतात. लॅटिनमध्ये मसुराला 'लेन्स' म्हणतात, आणि काचेच्या भिंगाला ते नाव मसुराच्या दाण्यावरूनच पडलं. मधे फुगीर, कडेला पातळ, अशी मसुरासारखी ही दीर्घिका. तिला सर्पिल दीर्घिकेसारखी तबकडी आहे, पण फाटे नाहीत. ती गोल फिरते आहे, पण तारे घडवायचा वायू बहुतेक संपलेला. पिवळसर, वयस्क ताऱ्यांचा मंद उजेड तेवढा राहिलेला. एनजीसी १३१६ या जातीची आहे.

ओळखीचं वाटतं ना? पाळणा थांबलेला, घर शांत, फिरणं चालू आणि उजेड जुना. आपण ज्याला वानप्रस्थ म्हणतो त्याची ही आकाशातली मूर्ती.

आता नीट ऐकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे, आणि ती आपल्या पुण्यातून आलेली आहे. जयंतराव नारळीकरांच्या पुढाकारानं १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेत सदरलँडला २००५ साली 'साल्ट' नावाची प्रचंड दुर्बीण सुरू झाली, ९१ षट्कोनी तुकड्यांच्या आरशाची. दक्षिणेचं आकाश पाहणाऱ्या त्या दुर्बिणीत ही संस्था भागीदार आहे. आयुकाचे अजित केंभवी यांच्यासह काही संशोधकांनी २००७ साली भिंगाकार दीर्घिकांची मापं ताडून पाहिली. मधला फुगवटा केवढा आणि भोवतीची तबकडी केवढी, याचा मेळ तेजस्वी दीर्घिकांत एक प्रकारचा आणि मंद दीर्घिकांत दुसऱ्याच प्रकारचा आढळला. त्यावरून असं दिसलं की वरून एकसारख्या दिसणाऱ्या या दीर्घिका इथवर एकाच वाटेनं आलेल्या नसाव्यात. तेजस्वी ज्या आहेत त्या बहुधा झपाट्यानं आकसून किंवा एकमेकींत मिसळून घडल्या. मंद ज्या आहेत त्या मुळात सर्पिल असाव्यात. त्यांचा वायू वाटेत हिरावला गेला.

हिरावला कसा जातो? आपल्या खळ्यावरचा दाखला घ्या. वारा सुटला की बाई सूप डोक्याच्या वर धरून उफणते. भुसा उडून लांब जातो, दाणा जड म्हणून खाली राशीत पडतो. दीर्घिकांच्या मोठ्या समूहात तापलेला विरळ वायू भरलेला असतो. त्यातून एखादी दीर्घिका वेगानं गेली की तिच्यासाठी तो वाराच होतो. तिच्या पोटातला वायू भुशासारखा उडून जातो, तारे दाण्यासारखे जागच्या जागी राहतात.

मंडळी, ओट्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन म्हातारे असेच असतात. दोघांच्या अंगावर तसंच धोतर, दोघांच्या हातात तशीच काठी. एकानं आपण होऊन सोडलेलं असतं. दुसऱ्याचं वाऱ्यानं नेलेलं असतं; कर्जानं नेलं, कोर्टानं नेलं, भावकीनं नेलं, दुष्काळानं नेलं. पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. आतल्या आत मात्र दोघांना तो चांगला ठाऊक असतो.

अवधूतानं या दोन्ही वाटांसाठी गुरू सांगून ठेवले आहेत. मधमाशी हा एक गुरू. ती फुलाफुलांतून रस जमवते, स्वतः खात नाही, कुणाला देत नाही. एक दिवस मध काढणारा येतो, धूर करतो आणि सगळं घेऊन जातो. ही हिरावलं जाण्याची वाट. कुरर पक्षी हा दुसरा गुरू. कुणी त्याला टिटवी म्हणतात, कुणी घारीच्या जातीचा सांगतात. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. तो पाहून दुसरे पक्षी त्याच्यावर तुटून पडले, चोची मारू लागले. त्यानं तुकडा टाकून दिला. त्याच क्षणी सगळे पक्षी तुकड्यामागं गेले आणि कुरर एका फांदीवर निवांत बसला. तुकडा जाणारच होता. रक्तबंबाळ होऊन जाऊ द्यायचा की वेळेवर आपल्या हातानं टाकायचा, एवढंच त्याच्या हाती होतं, आणि तेवढं त्यानं साधलं.

यावर एक रास्त शंका येते आणि ती विचारलीही जाते. "महाराज, सगळं पोरांच्या नावानं करून देल्लं अन् मंग पोरानं पुसलं नाही तं?" प्रश्न खरा आहे, आणि त्याला गोड बोलून टाळणं बरं नव्हे. पण कुररानं काय टाकलं ते पहा. त्यानं मांस टाकलं, पंख नाही टाकले. फांदीही नाही सोडली. डोक्यावरचं छप्पर, औषधपाण्यापुरता पैसा, दोन वेळची भाकर, ही म्हातारपणाची पंखं आहेत. ती शहाण्यानं आपल्याजवळ ठेवावी आणि बाकीचं मृत्युपत्र करून नीट मांडून ठेवावं. सोडायचा तो हुकूम. सुनेनं भाजीत तिखट किती टाकावं, मुलानं कपाशी पेरावी की सोयाबीन, नातवानं कोणती शाखा घ्यावी, हा मांसाचा तुकडा आहे. घरातल्या चोची त्याच्यासाठीच लागतात. तो टाकला की बहुतेक घरांत फांदी निवांत होते.

आणि ज्याचं खरोखर हिरावलं गेलं त्यानं काय करावं? त्यानं उफणणीकडं पाहावं. वारा भुसा नेतो, दाणा नेत नाही. ती मंद दीर्घिका लुटली गेली तरी अंधारली नाही. तिची तबकडी मोडली नाही, तिनं फिरणं थांबवलं नाही, तिच्याजवळचे तारे आजही तेवत आहेत. जे गेलं त्याचा हिशेब रोज मांडत बसलो तर जे राशीत उरलं ते मोजायचं राहून जातं. नाम उरलं, जिभेवरची सत्याची सवय उरली, चार माणसं जोडलेली उरली. हा दाणा आहे.

आपली एनजीसी १३१६ ही तेजस्वी जातीतली. तिच्या पोटात मात्र गंमत आहे. दुरून पाहिलं तर किती शांत! दुर्बिणीतून बारकाईनं पाहिलं की मधोमध धुळीच्या काळ्या रेघा दिसतात आणि कडेला फिकट लाटांसारखी वलयं. शास्त्रज्ञ म्हणतात, हिनं पूर्वी दुसऱ्या दीर्घिका गिळल्या. मोठी गाठ पडली ती सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीची असावी. तिच्या गाभ्यात एक प्रचंड कृष्णविवर आहे. तिथून पूर्वी कधी उसळलेल्या ऊर्जेचे दोन अफाट फुगे तिच्या दोन बाजूंना आजही रेडिओ दुर्बिणींना 'ऐकू' येतात. म्हणूनच रेडिओ आकाशात तिला फॉर्नॅक्स ए म्हणतात आणि तिची गणना सगळ्यात ठळक स्रोतांत होते.

शांत दिसणाऱ्या म्हाताऱ्याच्या पोटातही अशाच काळ्या रेघा असतात. कुणाचा बांध कोरलेला असतो, कुणाचा हिस्सा दाबलेला असतो, भावाशी वीस वर्षं बोलणं नसतं. माळ ओढली म्हणून ती धूळ आपोआप बसत नाही. आकाश या गुरूबद्दल अवधूत सांगतात की ढग येतात, धूळ उडते, पण आकाशाला काही चिकटत नाही. दीर्घिकेला धूळ चिकटते, आकाशाला नाही. आपण दीर्घिकेसारखे घडलेलो असतो, पण होता येतं ते आकाशासारखं. त्याला उपाय साधा आहे आणि कठीणही आहे: दत्तजयंतीच्या प्रसादाचा द्रोण घेऊन त्या भावाच्या दारी जायचं. द्रोण पुढं केला की पहिला शब्द शोधावा लागत नाही.

आता मूळ प्रश्नाला येऊ. "आता आपन कायच्या कामाचे?"

या म्हाताऱ्या दीर्घिकेत १९८०, १९८१ आणि २००६ या वर्षांत मिळून चार ताऱ्यांचे महास्फोट पृथ्वीवरून पाहिले गेले. २००६ साली तर एकाच वर्षात दोन. हे चारही ज्या जातीचे स्फोट होते, ती जात कोवळ्या ताऱ्यांची नव्हे. आयुष्य संपवून विझत आलेले, श्वेतबटू म्हणतात ते तारे असे फुटतात. फुटताना ते काही आठवडे अवघ्या दीर्घिकेच्या तोडीनं तळपतात आणि अवकाशात लोखंड उधळतात. विश्वातल्या लोखंडाचा मोठा भाग अशाच स्फोटांतून आला आहे. आपल्या रक्तात जे लोह आहे, ज्याच्यावाचून श्वास अंगी लागत नाही, ते आपल्या आकाशगंगेत फार पूर्वी फुटलेल्या ताऱ्यांचं दान आहे. आणखी एक उपयोग: या स्फोटांचं तेज साधारण ठराविक असतं, म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्यावरून विश्वातली अंतरं मोजतात. तरुणांच्या गावांना अंतर कळावं म्हणून मापाची काठी होतात ते म्हातारेच.

तेव्हा, बाबांनो आणि मायबाईंनो, पाळणा थांबला म्हणून कामच संपलं, हे आकाशातही खरं नाही. पिकवायचे दिवस सरले की माप व्हायचे दिवस येतात. घरात कुणी खोटं बोलायला धजत नाही कारण आजोबा ओट्यावर बसले आहेत, एवढं झालं तरी ते मोठं काम आहे.

आणि काम पोहोचतं कुठं, हे तर करणाऱ्याला कधी दिसतच नाही. आपल्या कारंज्याचंच पहा. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेलं आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात गेलेलं कारंजा, श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गुरुचरित्रात कथा आहे, की मुंज झाल्यावर बाळ संन्यासासाठी निघाला आणि अंबामाता व्याकूळ झाली. तिच्यासाठी महाराज काही काळ थांबले, पाठची भावंडं जन्मली, आणि मग निघाले. त्या माउलीनं लेकराला जाऊ दिलं. ज्यांची मुलं आज पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला आहेत त्या आयांनी कारंज्याला गुरुमंदिरात गेल्यावर आधी या मातेची आठवण करावी. दिवा कारंज्यात लागला. उजेड पडला औदुंबरला, नरसोबावाडीला, गाणगापूरला. तिनं धरून ठेवला असता तर घरापुरता राहिला असता.

शेंडगावच्या डेबूजीनं, म्हणजे गाडगे महाराजांनी, १९०५ साली घर सोडलं. हाती खराटा आणि मडक्याचं गाडगं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः त्यांचे मालक झाले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीपाशी देह ठेवला. आज त्या धर्मशाळेत टेकणाऱ्या वारकऱ्याचं नाव बाबांना ठाऊक नव्हतं. निघालेल्या प्रकाशालाही ठाऊक नसतं की सहा कोटी वर्षांनी तो कुणाच्या अंगणात उतरणार आहे. तो फक्त निघतो.

मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मसोहळा झाला, पाळणा म्हटला, सुंठवडा घेतला, की रात्री नऊ ते अकराच्या सुमारास दक्षिणेकडं तोंड करून अंगणात किंवा गच्चीवर उभे रहा. ज्या मृग नक्षत्रावरून या महिन्याला नाव मिळालं ते डावीकडं वर असेल, पूर्ण चंद्र त्याच भागात. आग्नेयेला क्षितिजालगत अगस्ती नुकताच वर आलेला असेल. समोर दक्षिणेला, क्षितिजापासून डोक्यापर्यंतच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर, तिथं ती दीर्घिका आहे. डोळ्यांना दिसणार नाही. चांदणं नसलेल्या रात्री, चिखलदऱ्यासारख्या काळोख्या ठिकाणी, चांगल्या दुर्बिणीतून एक धूसर ठिपका तेवढा दिसतो.

दिसत नाही म्हणून मन खट्टू करू नका. अमरावती जिल्ह्यातल्याच लोणी टाकळीला १८८१ साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. बघायला डोळेच लागतात असं नाही, हे वऱ्हाडाला कुणी नव्यानं सांगायला नको.

तिथं उभं राहून तीन गोष्टी मनात म्हणा. जे चोचीत धरून बसलो आहे त्यातलं एक आज सोडतो. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे त्याच्या दारी उद्या प्रसाद नेतो. आणि माझा उजेड कुठं पोहोचतो हे विचारत बसत नाही. मग दक्षिणेला हात जोडा. त्या बाजूनं येणारा प्रकाश त्या वेळी तुमच्या जोडलेल्या हातांवर पडतच असेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥